भरपाईचा कायदा बदलला, की बिल कोणाच्या दारात?

(मंडळाच्या यंदाच्या पावसाळी व्याख्यानमालेत, इंदूर येथे, आम्ही दोघांनी मिळून केलेल्या भाषणाचे शब्दांकन. स्मरणिकेसाठी थोडे आटोपते घेतले आहे.)



आम्ही दोघेही निवृत्त. एकाची नोकरी जिल्हा न्यायालयात गेली, दुसऱ्याची विमा कंपनीच्या दावे विभागात. म्हणजे तीस-तीस वर्षे आम्ही एकाच खटल्याच्या दोन बाजूंच्या फायली पाहिल्या, आणि आता दर गुरुवारी संध्याकाळी मंडळाच्या ग्रंथालयात एकाच टेबलाशी बसतो. कोणाला कागद समजत नाही, कोणाला अर्ज लिहायचा असतो, कोणाला नुसते बोलायचे असते. त्या टेबलावर जे दिसते, त्यातूनच आजचा विषय निघाला. तेव्हा आम्ही बोलू ते ‘आम्ही’ म्हणूनच. आमच्यात मतभेद नाहीत असे नाही, पण ते आम्ही घरी जाताना रिक्षात मिटवतो.

विषय आहे दिवाणी भरपाईचा. कोणाच्या हलगर्जीपणामुळे दुसऱ्याचे नुकसान झाले, हात गेला, जीव गेला, तर करणाऱ्याला शिक्षा व्हावी हा एक भाग झाला. तो फौजदारीचा. पण ज्याचे गेले त्याच्या घरात उद्या सकाळी दूध कोण आणणार, हा दुसरा भाग. तो दिवाणीचा. आपल्याकडे या दुसऱ्या भागाला वर्तमानपत्रात जागा कमी मिळते. जामीन मिळाला की नाही ते पहिल्या पानावर येते, भरपाई किती मिळाली ते येतच नाही.

या भरपाईचे नियम सरकारे अधूनमधून बदलतात. कधी दावा कोणी करायचा ते बदलतात, कधी किती दिवसांत करायचा ते, कधी जास्तीत जास्त किती मिळेल ते. प्रत्येक वेळी कारण चांगलेच सांगितले जाते. खटले लवकर संपतील, खोटे दावे थांबतील, विमा स्वस्त होईल. यातले काही खरेही असते. पण एक गोष्ट कोणी सांगत नाही. मोडलेला पाय कायद्यातल्या दुरुस्तीने जुळत नाही. करणाऱ्याने कमी दिले म्हणून नुकसान कमी होत नाही, ते फक्त दुसऱ्याच्या वहीत लिहिले जाते. आज आम्हाला ती दुसरी वही दाखवायची आहे.

लांब जायला नको. २०२५ मध्ये १ जानेवारीच्या रात्री भोपाळहून बारा कंटेनर निघाले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पीथमपूरला पोचले. त्यात युनियन कार्बाइडच्या बंद कारखान्यातला सुमारे ३३७ टन विषारी कचरा होता. आपल्यातल्या कित्येकांची मुले पीथमपूरला नोकरीला जातात, त्यामुळे ते दिवस सर्वांना आठवत असतील. रस्त्यावर लोक उतरले, दुकाने बंद झाली, आणि दोघांनी तर स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. जूनच्या अखेरीस तो कचरा जाळून झाला. राखेचे काय करायचे हा वाद त्यानंतरही चालू राहिला. या कामासाठी १२६ कोटी रुपये मंजूर झाले होते, आणि ते केंद्र सरकारने दिले. म्हणजे तुम्ही दिले, आम्ही दिले. ज्या कंपनीचा कचरा होता तिने नाही.

असे का झाले हे समजायला चाळीस वर्षे मागे, एका कायद्यापर्यंत जावे लागते.

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळमध्ये वायू सुटला. पुढच्याच आठवड्यांत अमेरिकेतले वकील विमानाने येऊन वस्त्यावस्त्यांतून वकीलपत्रांवर अंगठे घेऊ लागले. तिकडे वकील भरपाईच्या रकमेतून वाटा घेतो, आपल्याकडे ते चालत नाही. त्या गर्दीला आळा घालायचा आणि गरिबांच्या वतीने सरकारनेच लढायचे, या हेतूने फेब्रुवारी १९८५ मध्ये वटहुकूम निघाला आणि मार्चमध्ये त्याचा कायदा झाला. भोपाळ वायुगळती दुर्घटना दावे कायदा, १९८५. त्याचे सार एका वाक्यात सांगता येते. या वायूमुळे झालेल्या नुकसानीचा दावा करण्याचा अधिकार फक्त केंद्र सरकारला. अज्ञान मुलाच्या वतीने पालक दावा लावतो ना, तसे सरकार पालक आणि भोपाळचे लाखो लोक अज्ञान.

आम्ही या कायद्याला सरसकट नावे ठेवणार नाही. ज्या बाईचा नवरा गेला, जिला स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते, ती अमेरिकेतल्या कंपनीवर दावा कसा लावणार होती? आपल्या नेहमीच्या दिवाणी न्यायालयात तर मागणीच्या रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी भरावी लागते. सरकारने पुढे होणे आवश्यकच होते. प्रश्न आहे तो पुढे होण्याचा नाही, बाकीच्यांना मागे ढकलण्याचा.

शिवाय पालकाचे स्वतःचे हातही स्वच्छ नव्हते. भारतातल्या कंपनीत अमेरिकी कंपनीचा वाटा ५०.९ टक्के होता, पण सरकारी वित्तसंस्थांचेही समभाग त्यात होते. परवाने सरकारचेच, तपासणीही सरकारचीच. म्हणजे ज्याला कदाचित प्रतिवादी करावे लागले असते, तोच वादी झाला. हा आक्षेप पुढे सर्वोच्च न्यायालयात घेतला गेला. डिसेंबर १९८९ मध्ये न्यायालयाने कायदा वैध ठरवला.

मधल्या काळात एक गंमत झाली, तिला गंमत म्हणवत नाही तरी. भारत सरकारने न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा लावला आणि तिथे मांडले, की आमची न्यायालये एवढा मोठा खटला चालवायला समर्थ नाहीत. त्यासाठी मार्क गॅलेंटर या अमेरिकी प्राध्यापकांचे प्रतिज्ञापत्र दिले. कंपनीने उलट सांगितले, की भारतीय न्यायालये उत्तम आहेत, खटला तिकडेच चालवा. कंपनीच्या बाजूने प्रतिज्ञापत्र होते नानी पालखीवालांचे. मे १९८६ मध्ये न्यायाधीश कीनन यांनी कंपनीचे म्हणणे मान्य केले आणि खटला भोपाळला आला.

भोपाळला जिल्हा न्यायाधीश होते एम. डब्ल्यू. देव. (आडनाव आपल्या ओळखीचे वाटेल.) त्यांनी डिसेंबर १९८७ मध्ये ठरवले, की निकाल लागेल तेव्हा लागेल, तोवर पीडितांना जगायला काहीतरी मिळाले पाहिजे, आणि कंपनीने ३५० कोटी रुपये अंतरिम भरावेत असा हुकूम केला. आमच्यापैकी कोर्टात ज्याची नोकरी झाली तो सांगतो, की त्या काळी जिल्हा न्यायालयातून असा हुकूम निघणे ही साधी गोष्ट नव्हती. उच्च न्यायालयाने १९८८ मध्ये तो आकडा २५० कोटींवर आणला. प्रकरण दिल्लीला गेले. आणि १४ फेब्रुवारी १९८९ ला सर्वोच्च न्यायालयात तडजोड झाली. ४७ कोटी डॉलर, रुपयांत त्या वेळचे सुमारे ७१५ कोटी. सरकारची मूळ मागणी तीनशे कोटी डॉलरांच्या वर होती.

ज्यांच्या नावाने ही तडजोड झाली, त्यांना आधी कोणी विचारले नाही. विचारायची गरजच कायद्याने ठेवली नव्हती. अधिकारच त्यांच्याकडे नव्हता, तर संमती कसली घ्यायची?

आता हिशोब बघा. तडजोडीच्या वेळी मृतांचा आकडा सुमारे ३,००० आणि एकूण बाधित एक लाखाच्या आसपास धरले होते. पुढे दावे तपासले गेले तेव्हा मृत्यूचे दावे ५,२९५ मान्य झाले आणि एकूण पीडितांची संख्या पावणेसहा लाखांच्या घरात गेली. मृतांचे खरे आकडे याहून मोठे आहेत असे भोपाळमध्ये काम करणारे लोक म्हणतात, पण आपण मान्य झालेल्यांचेच धरू. ७१५ कोटींना पावणेसहा लाखांनी भागले तर माणशी साडेबारा हजारांच्या आत रक्कम येते. प्रत्यक्षात बहुतेक जखमींना २५,००० रुपये मिळाले, आणि १९९० पासून महिना २०० रुपये जी अंतरिम मदत दिली होती ती त्यातून वजा झाली. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या हुकुमाने उरलेले सुमारे १,५०० कोटी पुन्हा त्याच प्रमाणात वाटले गेले. हे पैसे उरले कसे? डॉलर रिझर्व्ह बँकेत पडून होते, रुपया घसरत गेला, व्याज चढत गेले. वाटपाला उशीर झाला म्हणून रक्कम फुगली. ज्या म्हाताऱ्याने पंधरा वर्षे खोकत काढली, त्याच्या खोकल्यावर हे व्याज चढले.

आणि आता ती दुसरी वही. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तडजोडीचा फेरविचार केला. तडजोड कायम ठेवली, पण म्हटले, की रक्कम अपुरी पडली तर तूट कल्याणकारी राज्य म्हणून भारत सरकारने भरावी. पुढच्या पीडितांसाठी विमाही उतरवायला सांगितला. हा विमा सरकारने कधी उतरवलाच नाही. डिसेंबर २०१० मध्ये सरकार पुन्हा न्यायालयात गेले आणि कंपनीकडून आणखी ७,८४४ कोटी मागितले. १४ मार्च २०२३ ला घटनापीठाने ती याचिका फेटाळली. इतक्या वर्षांनी तडजोड उघडता येणार नाही, आणि विमा न उतरवणे हा सरकारचाच गंभीर हलगर्जीपणा, असे न्यायालयाने सुनावले. ते कायद्याने बरोबर असेल. पण त्याचा व्यवहारातला अर्थ असा, की १९८९ नंतरचे सगळे आपल्याकडे. भोपाळ मेमोरियल हॉस्पिटल कंपनीच्या समभागांच्या विक्रीतून उभे राहिले, पण आज ते केंद्र सरकार चालवते. २०१० ची जादा सानुग्रह मदत सरकारची. विधवांचे निवृत्तिवेतन सरकारचे. आणि ते बारा कंटेनर.

आम्हाला कोणी विचारतात, की मग प्रत्येकाला स्वतंत्र दावा करू दिला असता तर जास्त मिळाले असते का? ते आम्ही सांगू शकत नाही, कोणीच सांगू शकत नाही. पण दावा करणाऱ्याला निदान ‘नको, एवढ्यावर मिटवणार नाही’ म्हणता येते. ते एक वाक्य १९८५ मध्ये काढून घेतले गेले.

न्यायालयाने त्याच सुमारास एक चांगलेही काम केले, ते सांगितले पाहिजे. दिल्लीच्या एका कारखान्यातून ओलियम वायू सुटला होता. त्या खटल्यात डिसेंबर १९८६ मध्ये सरन्यायाधीश भगवती यांच्या पीठाने म्हटले, की धोकादायक उद्योग चालवणाऱ्याने अपघाताबद्दल कोणतीही सबब सांगायची नाही, जबाबदारी पूर्णच. तत्त्व मोठे होते. त्यानंतर संसदेने १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा केला आणि त्यात कारखान्याच्या अपघातात मृत्यू झाल्यास तातडीची मदत लिहिली २५,००० रुपये. पहिली तीस वर्षे हा आकडा हलला नाही. तीस वर्षांत तेलाचा डबा कुठे गेला ते इथल्या काकूंना विचारा. कायद्यात आकडा लिहिला की तो तिथेच बसतो आणि महागाई पुढे निघून जाते. कमाल मर्यादा घालण्यातली ही गोम आम्हाला सर्वांत जास्त सतावते.

ज्यांची मुले अमेरिकेत आहेत त्यांनी हा प्रकार तिकडेही पाहिला असेल. तिथे असे कायदे राज्याराज्यांचे असतात. कॅलिफोर्नियाने १९७५ मध्ये ठरवले, की डॉक्टरच्या चुकीबद्दलच्या खटल्यात वेदना, अपंगत्वाचे दुःख वगैरेंसाठी अडीच लाख डॉलरच्या वर काही मिळणार नाही. डॉक्टरांचे विम्याचे हप्ते भडकले होते, हे खरे होते. पण तो आकडा २०२२ मध्ये नवा कायदा होईपर्यंत, म्हणजे सत्तेचाळीस वर्षे तसाच राहिला. टेक्सासने २००३ मध्ये अशीच मर्यादा आणली. जॉर्जिया, इलिनॉय, फ्लोरिडा इथल्या मर्यादा मात्र तिथल्याच सर्वोच्च न्यायालयांनी रद्द केल्या. या मर्यादेचा फटका कोणाला बसतो ते बघण्यासारखे आहे. ज्याचा पगार बुडाला त्याचा पगार हिशोबात येतो, त्यावर मर्यादा नाही. लहान मूल, म्हातारा माणूस आणि घर सांभाळणारी बाई यांचा पगारच नसतो. त्यांच्या वाट्याला मुख्यतः ते ‘दुःखाचे’ पैसे येतात, आणि मर्यादा नेमकी त्यावरच. मग अंथरुणाला खिळलेल्या त्या मुलाची आयुष्यभराची शुश्रूषा सरकारी आरोग्य योजनेतून होते. विम्याचा हप्ता वाचला, कर भरणाऱ्याचा नाही.

आपल्याकडेही हे झाले असते, थोडक्यात वाचले. आता रस्त्यावर येऊ. बायपासवर म्हणा, मुंबई-आग्रा महामार्गावर म्हणा, आपल्यातल्या प्रत्येक घराला कोणी ना कोणी आठवते. २०२२ या एका वर्षात देशभरात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली. म्हणजे भोपाळ दरवर्षी होते आहे, फक्त एका रात्रीत होत नाही.

मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीचे जे विधेयक २०१६ मध्ये आले, त्यात विमा कंपनीची जबाबदारी मृत्यूसाठी दहा लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पाच लाखांवर थांबवली होती. त्यावरचे गाडीच्या मालकाने द्यायचे. मंडळी, आपण एक उदाहरण मांडून बघू. पस्तीस वर्षांचा, स्वतःचा छोटा व्यवसाय असलेला माणूस. महिना ३०,००० कमाई. घरी बायको, दोन मुले, आई. सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी निकालांत जी रीत घालून दिली, तिने हिशोब करायचा. वर्षाची कमाई ३,६०,०००. पुढे ती वाढली असती म्हणून चाळीस टक्के जोडायचे, झाले ५,०४,०००. त्याचा स्वतःचा खर्च म्हणून चौथा हिस्सा वजा, राहिले ३,७८,०००. त्या वयाचा गुणक १६. उत्तर येते ६०,४८,०००. अंत्यविधी वगैरेंची थोडी रक्कम वेगळी. आता यातले दहा लाख विमा कंपनीने दिले असते आणि उरलेले पन्नास लाख? एका जुन्या ट्रकचा मालक पन्नास लाख कुठून आणणार? हुकूमनामा भिंतीला लावायच्या कामाचा. आमच्यातला विमा कंपनीवाला मान्य करतो, की अमर्याद जबाबदारीचे ओझे कंपन्यांना जड होते. पण ते ओझे लाखो गाड्यांच्या हप्त्यांवर पसरवण्यासाठीच विमा असतो. बरीच ओरड झाली, आणि ती मर्यादा शेवटी गळाली. २०१९ चा कायदा झाला तेव्हा त्यात ती नव्हती.

पण दुसरी गोष्ट आली, आणि ती पुष्कळांच्या लक्षातच आली नाही. मुदतीची.

१९८८ च्या कायद्यात दावा सहा महिन्यांत लावावा असे होते. इतके दावे मुदतीबाहेर जाऊ लागले, की १९९४ मध्ये संसदेने ती अट काढूनच टाकली. पुढची सत्तावीस वर्षे मुदत नव्हती. २०१९ च्या दुरुस्तीने ती परत आणली आणि १ एप्रिल २०२२ पासून ती लागू आहे. अपघाताच्या तारखेपासून सहा महिने. मृत्यूच्या तारखेपासून नाही, अपघाताच्या. पूर्वी उशीर माफ करण्याचा थोडाफार अधिकार न्यायाधिकरणाला होता, नव्या कलमात तोही लिहिलेला नाही. या कलमाला न्यायालयांत आव्हान दिलेले आहे. त्याचे काय व्हायचे ते होईल, तोवर आम्ही सर्वांना सांगतो, की सहा महिने म्हणजे सहाच महिने धरून चाला.

आमच्या टेबलाशी एक घर आले होते. ओळख पटेल असे काही सांगत नाही. दुचाकीवरून कामावरून येताना मागून गाडीने उडवले. साडेचार महिने तो माणूस इस्पितळात होता, आज उठेल, उद्या बोलेल असे करत. या काळात दाव्याचा विचार करणे बायकोला पाप वाटत होते. तो बरा व्हायची वाट पाहायची, की त्याच्या भरपाईचे कागद जमवायचे? तो गेला. तेरा दिवस झाले, अस्थी नर्मदेत सोडल्या, मग सासरच्या गावी जाऊन यावे लागले. पोलिसांचे कागद मिळवण्यात आणखी दिवस गेले. सांगणारे भेटले ते म्हणत, अहो वहिनी, क्लेम कोर्टाला मुदत नसते, सावकाश करा. ते जुन्या कायद्याप्रमाणे खरेच सांगत होते. त्या आमच्याकडे आल्या तेव्हा अपघाताला साडेसात महिने झाले होते.

त्या घराचा खर्च आज कुठे कुठे विखुरला आहे, तो आम्ही एकदा कागदावर मांडला. इस्पितळाचे कर्ज दिराच्या डोक्यावर. मुलगी खासगी शाळेतून सरकारी शाळेत. सासूचे औषध आयुष्मान कार्डावर. घरखर्चाला लाडली बहनाचे पैसे आणि रेशन. माहेरून धान्य. यात वाईट काही नाही, या योजना असतातच यासाठी. पण ज्या गाडीने उडवले तिचा विमा होता. हप्ता भरलेला होता. पैसे होते, आणि ते जिथून यायला हवेत तिथून न येता सरकारच्या, दिराच्या आणि त्या मुलीच्या खिशातून आले. कायद्याच्या मसुद्यावर याचा आकडा कधी छापत नाहीत.

२०१९ ने आणखी एक बदल केला, तो वरवर फार चांगला दिसतो. पूर्वी चूक कोणाची हे न बघता मृत्यूसाठी ५०,००० रुपये लगेच मिळत आणि मुख्य दावा पुढे चालू राही. आता कलम १६४ खाली चूक सिद्ध न करता पाच लाख मिळतात, गंभीर दुखापतीला अडीच लाख. दसपट! पण हे पाच लाख घेऊन प्रकरण मिटवले, की मोठा दावा संपला. जुने ५०,००० हे वाटेतले पाणी होते, नवे पाच लाख म्हणजे रस्त्याचा शेवट. आपल्या वरच्या उदाहरणातले साठ लाख आठवा. अंतरिम मदतीसाठी केंद्राने योजना करावी असे एक कलम ठेवले आहे, पण घरातल्या माणसाने पाच लाखांच्या कागदावर सही करायच्या आधी कोणाला तरी दाखवावा, एवढे आम्ही हात जोडून सांगतो. ज्या घरात चूल थंड आहे त्याला पाच लाख फार मोठे दिसतात. ते साहजिक आहे, आणि सही त्याच आठवड्यात मागितली जाते.

गृहिणींबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. गृहिणी गेली तर भरपाई किती? पूर्वीच्या तक्त्यात तिचे उत्पन्न नवऱ्याच्या उत्पन्नाच्या एक तृतीयांश धरायला सांगितले होते. नवरा कमी कमावत असेल तर तिचा स्वयंपाकही स्वस्त! २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जमशेदपूरच्या आगीच्या प्रकरणात गृहिणींच्या कामाचे मोल महिना ३,००० धरले, पुढे २०१० मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये त्या कामाकडे गांभीर्याने पाहायला सांगितले. हे सगळे न्यायाधीशांनी एकेका प्रकरणात, माणूस समोर ठेवून घडवले. आम्हाला म्हणूनच ठोक आकड्यांची भीती वाटते. ठोक आकड्यात ही वाढ व्हायला जागा राहत नाही.

दुसरी बाजू आम्ही झाकणार नाही. खोटे दावे असतात. उत्तर प्रदेशात तर उच्च न्यायालयाच्या आदेशावरून २०१५ मध्ये विशेष तपास पथक नेमावे लागले. अपघात एका गाडीचा, कागदावर गाडी दुसरी, कारण पहिलीचा विमा नाही. आमच्यातल्या एकाने असे कागद स्वतः तपासले आहेत, त्याचा या लोकांवरचा राग अजून गेलेला नाही. पण खोटे कागद करणारा मुदत कधीच चुकवत नाही. त्याच्याकडे सगळे तयार असते. सहा महिन्यांत अडकतो तो खरा, रडणारा, कागद न समजणारा माणूस. खोट्याला धरायचे तर तपास नीट करा, दार सगळ्यांसाठी अरुंद करून काय साधणार?

आता कामाचे बोलतो, कारण बाहेर पाऊस वाढला आहे. २०२२ च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल अठ्ठेचाळीस तासांत द्यायचा आणि सविस्तर अहवाल तीन महिन्यांत न्यायाधिकरणापुढे ठेवायचा असतो. हा अहवालच दाव्याचा अर्ज म्हणून धरता येतो, म्हणून तो गेला की नाही हे विचारत राहा आणि प्रत मागा. पळून गेलेल्या गाडीचा शोध लागला नाही तरी मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार मिळतात, त्याचा अर्ज वेगळा असतो. ५ मे २०२५ पासून अपघातानंतर सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोख न भरता मिळण्याची योजना सुरू झाली आहे. नेमलेल्या इस्पितळातच मिळते, तेव्हा दाखल करतानाच विचारायचे.

भाषणानंतर मागच्या रांगेतून एका वहिनींनी विचारले, की माणूस अजून इस्पितळात आहे, बरा होईल अशी आशा आहे, तर दावा लावणे बरे दिसते का? आमचे उत्तर असे. दावा दुखापतीचा म्हणून त्याच्याच नावाने लावता येतो. तो बरा झाला तर उपचाराचे आणि बुडलेल्या कमाईचे पैसे त्यालाच मिळतील. देव न करो, तो गेला, तर वारस त्याच प्रकरणात नावे लावून घेऊ शकतात. फक्त तारीख गेलेली नसावी. येताना एफआयआरची प्रत, इस्पितळाचे कागद, गाडीचा नंबर, कमाईचा कसलाही पुरावा आणि आधार एवढे घेऊन या. गुरुवारी सहानंतर आम्ही ग्रंथालयात असतो. गणपतीच्या दहा दिवसांत टेबल मांडवाच्या डाव्या बाजूला, चपलांच्या कपाटाशेजारी असेल.